मराठीचे पुस्तक ठरते कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळा उघडल्यापासून आलेल्या पत्रांत भाषेच्या पाठ्यपुस्तकांविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. धडे कोण निवडते, मंजुरी कोण देते, चूक दिसली तर कुणाला कळवायचे, असे बहुतेकांचे प्रश्न आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र करून या वेळी त्यांचीच उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या मराठीच्या पुस्तकातले धडे कोण ठरवतं? गुरुजींना विचारलं तर म्हणतात, "वरून येतं." हे 'वर' म्हणजे मंत्रालय, पुणे की दिल्ली?
— एक पालक, सेलू (जि. परभणी)

गुरुजींचे म्हणणे खोटे नाही, पण 'वर' एकच खोली नाही. पुस्तक मुलीच्या दप्तरात पडेपर्यंत चार ठिकाणांहून जाते.

सगळ्यात आधी कायदा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत राज्याने नेमलेले शैक्षणिक प्राधिकरण ठरवते. महाराष्ट्रात ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. दुसरे ठिकाण दिल्ली. तिथून येतो तो अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा. तो दिशा दाखवतो, धडे देत नाही. त्यावरून राज्याचा आराखडा आणि आराखड्यावरून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तयार होतो. आठवीचे सध्याचे पुस्तक २०१२ च्या प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रमावर बेतलेले असून २०१८-१९ पासून वापरात आहे.

तिसरे ठिकाण बालभारती. पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, स्थापना २७ जानेवारी १९६७. नववी-दहावीची पुस्तके पूर्वी माध्यमिक शिक्षण मंडळ काढत असे. नववीचे २०१७ पासून आणि दहावीचे २०१८ पासून बालभारतीकडे आले. पुस्तक प्रत्यक्ष घडते ते इथे. भाषेसाठी एक विषय समिती असते आणि तिच्या जोडीला अभ्यासगट. त्यांत प्राध्यापक, शाळेत शिकवणारे शिक्षक, लेखक असे लोक असतात. अभ्यासगट साहित्य वाचून उतारे आणि कविता सुचवतो. विषय समिती त्यांतून निवडते, वाटल्यास नवा पाठ लिहून घेते, स्वाध्याय तयार करते. मग मसुदा बाहेरच्या जाणकारांकडे आणि शिक्षकांकडे समीक्षणाला जातो, सूचना येतात, मजकूर पुन्हा समितीपुढे बसतो. चित्रे, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन ही कामे त्यानंतर.

चौथे ठिकाण मान्यतेचे. शासनाने नेमलेली समिती तयार पुस्तक पाहून ते 'निर्धारित' करते. निर्धारित झाले की ते राज्य मंडळाच्या शाळांना लागू होते.

यातली दुखरी जागा वेळ आहे. जूनच्या मध्याला पुस्तक शाळेत हवे, तर छपाई त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू व्हावी लागते. अभ्यासक्रम उशिरा ठरला की कात्री लागते ती समीक्षणाला आणि मुद्रितशोधनाला, कारण छपाईचे दिवस कमी करता येत नाहीत. पुस्तकात राहिलेल्या चुकांचे मूळ शोधायला गेलात तर अनेकदा इथेच पोहोचाल.

प्रश्न : आमच्या शाळेत दोन प्रकारची पुस्तके आली आहेत, काही जुनी काही नवी छपाई. मान्यता कुठली खरी, हे पुस्तकावरून कसे ओळखायचे?
— एक शिक्षिका, औसा (जि. लातूर)

बाई, मुखपृष्ठ उलटा आणि पहिली दोन-तीन पाने सावकाश वाचा. उत्तर तिथेच आहे, फक्त अक्षर बारीक असते.

दहावीचे २०१८ चे मराठी कुमारभारती समोर धरा. आत एक वाक्य आहे : शासन निर्णय क्रमांक अभ्यास-२११६/(प्र.क्र.४३/१६) एसडी-४, दिनांक २५.४.२०१६ अन्वये स्थापन करण्यात आलेल्या समन्वय समितीच्या दि. २९.१२.२०१७ रोजीच्या बैठकीमध्ये हे पाठ्यपुस्तक निर्धारित करण्यास मान्यता देण्यात आली आहे. या एका वाक्यात दोन तारखा आहेत आणि त्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पहिली तारीख समिती कधी नेमली त्याची, दुसरी हे पुस्तक कधी मंजूर झाले त्याची. बरेच जण पहिलीच तारीख पुस्तकाची समजतात. प्राथमिकच्या त्याआधीच्या पुस्तकांवर राज्य परिषदेचा मान्यता क्रमांक आणि दिनांक छापलेला सापडेल. व्यवस्था बदलली तसे वाक्य बदलले, एवढेच.

पुढे 'प्रथमावृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' अशी वर्षे असतात. प्रथमावृत्ती तीच आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगळे असेल तर पुस्तक तेच आहे, मान्यताही तीच. मुलांना दोन्ही चालतील. पण मधल्या छपाईत एखादी दुरुस्ती झालेली असू शकते, म्हणून जुनी आणि नवी प्रत एकदा शेजारी ठेवून स्वाध्याय ताडून पाहा. प्रथमावृत्तीचेच वर्ष बदलले असेल तर मात्र ते नवे पुस्तक आहे. जुने बाजूला ठेवा.

त्याच पानावर विषय समिती, अभ्यासगट, चित्रकार, अक्षरजुळणी, मुद्रणादेश, मुद्रक आणि कागदाचा प्रकार (बहुधा ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह) असतो. कागदाची नोंद निरुपयोगी नाही. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरे दिसू लागली की नुकते वाचायला लागलेले लेकरू अडखळते. असे पुस्तक आले तर मुद्रकाचे नाव लिहून कळवा, तक्रार योग्य ठिकाणी पोहोचते.

प्रश्न : पहिलीच्या मुलांना आम्ही अ-आ-इ-ई क्रमाने शिकलो तसेच शिकवावे असे गावातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे. पुस्तकात अक्षरे उलटसुलट क्रमाने येतात. हे कुणी मंजूर केले? आणि धडा सोपा की अवघड हे समिती कशावरून ठरवते?
— एक शिक्षक, भोकर (जि. नांदेड)

सर, वडीलधाऱ्यांना एक प्रयोग करून दाखवा. पाटीवर अ पासून अः पर्यंत सगळे स्वर लिहा आणि म्हणा, एवढ्यांतून शब्द करा. 'आई' सोडला तर वाक्य उभे राहील इतके शब्द मिळत नाहीत. आता क, म, ल ही तीन अक्षरे आणि काना घ्या : काम, माल, लाल, मका, काका, मामा, कमल, कमाल. चार खुणांत आठ शब्द, आणि लगेच 'मामा, काम कर' असे म्हणायला फक्त 'र' हवा. मुलाला आठवडाभरात काहीतरी वाचल्याचा आनंद मिळतो. म्हणून अक्षरे गटागटाने, जास्त वापराची आधी, अशी येतात. वर्णमालेचा क्रम चुकीचा नाही. शब्दकोश पाहायला तो लागतोच. तो नंतर, गाण्यासारखा पाठ करून घ्यावा.

गट करतानाही सांभाळायचे असते. घ-ध, भ-म, ब-व, प-ष अशी दिसायला जवळची अक्षरे एकाच आठवड्यात आली की मुले गोंधळतात. वेलांटी आणि उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ एकाच पानावर कोंबले तरी तेच.

आता धड्याच्या अवघडपणाविषयी. मसुदा तपासताना जाणकार साधारण या गोष्टी पाहतात. जे जोडाक्षर अजून शिकवले नाही ते मजकुरात घुसले आहे का? पहिलीच्या पुस्तकात हे सर्रास होते, आणि घुसते ते धड्यात नाही तर सूचनेत किंवा चित्राखालच्या ओळीत. वाक्ये किती लांब आहेत? दुसरीत चार ते सहा शब्दांचे वाक्य मूल एका दमात वाचते, दहा शब्दांचे वाक्य दोनदा वाचावे लागते. एका पानावर नवे शब्द किती, आणि तेच शब्द पुढच्या पाठांत पुन्हा भेटतात का? एकदाच आलेला शब्द मूल विसरते. ओळ तुटताना शब्द मधोमध कापला जातो का? शेवटी स्वाध्याय : उत्तर धड्यातून जसेच्या तसे उचलून लिहिता येईल असे प्रश्न किती आणि स्वतःचे सांगावे लागेल असे किती?

तुमच्या वर्गापुरती ही तपासणी तुम्हीही करू शकता. कोणताही धडा घ्या, त्यातले शंभर शब्द मोजा, वर्गातल्या मध्यम वाचणाऱ्या पाच मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि अडखळलेल्या शब्दांखाली रेघ मारा. शंभरात पाच-सहा ठिकाणी अडखळले तर शिकवून सुटते. दहा-पंधरा ठिकाणी अडखळू लागले तर तो धडा त्या मुलांना न झेपणारा आहे. मुले कमी हुशार आहेत असा अर्थ काढू नका. रेघा मारलेला तो कागद जपून ठेवा. अभिप्राय देताना त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही.

प्रश्न : आमची लेकरं 'वावर' म्हणतात, पुस्तकात 'शेत' असतं. ती 'काय करायलास?' विचारतात, पुस्तक 'काय करतोस?' विचारतं. किनवटकडच्या तांड्यावर तर घरी गोरमाटी (बंजारा बोली). हे शब्द पुस्तकात का येत नाहीत? आणि मुलानं वहीत 'वावर' लिहिलं तर चूक धरायची का?
— केंद्रप्रमुख, नांदेड जिल्हा

आलेल्या पत्रांत आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हा. शेवटच्या भागाचे उत्तर आधी : चूक धरू नका. 'वावर' हा शब्द मराठवाड्यात आणि विदर्भात रोज वापरला जाणारा मराठी शब्दच आहे. पहिली-दुसरीच्या भाषेच्या अध्ययन निष्पत्तींत (मुलाला काय यायला हवे याच्या यादीत) मूल आपल्या भाषेचा किंवा शाळेतल्या भाषेचा वापर करत गप्पा मारते, सांगते, विचारते, हे यश म्हणून नोंदवायला सांगितले आहे. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा : वावर – शेत. तिसरी-चौथीपर्यंत मूल स्वतःच कुठे कोणता वापरायचा ते शिकते. पहिलीत 'वावर' खोडणाऱ्या शिक्षकाला पुढे त्या मुलाकडून निबंधात दोन ओळीही मिळत नाहीत.

पुस्तकात हे शब्द का नाहीत, याचे कारण मंजुरीच्या पद्धतीत आहे. एकच पुस्तक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत जाते. मसुदा तपासणारा प्रत्येक जण आपल्या भागात न कळणाऱ्या शब्दावर खूण करतो, आणि अशा चार चाळण्यांतून गेल्यावर जे उरते ते कुणालाच न खटकणारे असते. शुद्धलेखनही ठरलेले : मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने स्वीकारले, १९६२ चे चौदा आणि १९७२ ची त्यांत पडलेली चार नियमांची भर. त्यामुळे बोलीला जागा मिळते ती संवादात, लोकगीतात किंवा वरच्या वर्गांतल्या साहित्यात. लहान वर्गांत, जिथे तिची खरी गरज, तिथे ती कमी पडते. आमचे स्पष्ट मत आहे की पहिली-दुसरीच्या पुस्तकात प्रत्येक पाठाखाली 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' एवढी एक ओळ आणि लिहायला कोरी जागा असावी. त्याला ना जास्त पाने लागतात ना नवी समिती.

गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यासाठी मराठी ही शाळेत येऊन भेटलेली भाषा आहे, तरी पुस्तक मात्र प्रथम भाषेचे मिळते. राज्यघटनेचे कलम ३५० क, शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ही तिन्ही प्राथमिक वयात घरच्या भाषेचा आग्रह धरतात. कायद्यातले शब्द मात्र 'शक्यतो' असे आहेत. तोवर केंद्रावर करता येण्यासारखे काम असे : पहिल्या दोन महिन्यांसाठी पुस्तकातले साठ-सत्तर चित्रशब्द निवडा, तांड्यावरच्या आजीकडून किंवा बचतगटातल्या एखाद्या ताईंकडून गोरमाटी शब्द विचारून घ्या, मराठीशेजारी देवनागरीत लिहून तक्ता लावा. आधी गोष्ट घरच्या भाषेत सांगून घ्या, मग तोच पाठ मराठीत वाचा. पुस्तक तेच राहते; मुलाला अर्थ आधी कळलेला असतो, त्यामुळे वाचन पेलते.

प्रश्न : परभणीच्या उर्दू शाळेतल्या माझ्या मुलाचे मराठीचे पुस्तक शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलापेक्षा वेगळे कसे? आणि धर्माबाद-देगलूरकडच्या तेलुगू शाळांना पुस्तके तेलंगणातून येतात का?
— दोन पत्रांतून, परभणी व धर्माबाद

नाही, तेलंगणातून येत नाहीत. बालभारती मराठीशिवाय उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू अशा माध्यमांचीही पुस्तके काढते. यात एक भेद लक्षात ठेवा : गणित, विज्ञान, भूगोल यांची पुस्तके एकदा तयार होऊन भाषांतरित होतात, भाषेचे पुस्तक भाषांतरित होत नाही. उर्दूच्या पुस्तकासाठी उर्दूची वेगळी समिती, तेलुगूसाठी तेलुगूची. त्यामुळे उदगीरच्या कन्नड शाळेतल्या मुलाच्या आणि त्याच्या मराठी शाळेतल्या मित्राच्या भाषेच्या पुस्तकात एकही धडा समान नसेल, पण गणिताचे उदाहरण तेच असेल.

तुमच्या मुलाचे मराठीचे पुस्तक वेगळे आहे कारण त्याच्यासाठी मराठी द्वितीय भाषा आहे. वरच्या प्राथमिक वर्गांत मराठी माध्यमाला 'बालभारती' आणि इतर माध्यमांना 'सुलभभारती', नववी-दहावीत 'कुमारभारती' आणि 'अक्षरभारती'. नाव बघून घ्या, कारण दुकानात घाईने चुकीचे पुस्तक दिले जाते आणि ते घटक चाचणीला लक्षात येते. मराठी शिकणे आता सगळ्याच माध्यमांना आणि मंडळांना बंधनकारक आहे. २०२० च्या अधिनियमाने ते २०२०-२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्न : दोन वर्षे पुस्तकाचे चार भाग होते, वहीची पाने आत होती. आता पुन्हा एकच पुस्तक. अभ्यासक्रम बदलला का?
— एक पालक, जालना

बदलला नाही. २०२३-२४ मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून पुस्तक चार भागांत विभागले आणि पाठांनंतर लिहायला कोरी पाने जोडली. मुले तरीही वेगळ्या वह्या आणतच राहिली, पाने हवी तशी वापरली गेली नाहीत. म्हणून जानेवारी २०२५ च्या निर्णयाने २०२५-२६ पासून ही पद्धत थांबली. धडे तेच, बांधणी वेगळी. त्या इयत्तेचा अभ्यासक्रम तोच असेपर्यंत धाकट्या भावंडाला जुने चार भाग चालतील.

प्रश्न : मी कविता लिहितो. पाठ्यपुस्तकात कविता घ्यावी म्हणून अर्ज करता येतो का? घेतली तर शब्द बदलतात असे ऐकले.
— एक वाचक, अंबाजोगाई

निवड अर्जांतून होत नाही. समितीचे सदस्य प्रसिद्ध झालेले साहित्य वाचून सुचवतात, म्हणून मुलांसाठी लिहीत असाल तर आधी मुलांच्या नियतकालिकांत छापून येऊ द्या. बालभारतीचे स्वतःचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते.

हक्कांविषयी थोडे सविस्तर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. नामदेव, जनाबाई, एकनाथ यांच्या रचनांना परवानगी लागत नाही; मात्र कुणा संपादकाने सिद्ध केलेली संहिता आणि तिच्या टिपा यांना वेगळा हक्क असू शकतो. कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणासाठीच्या संग्रहात छोटे उतारे घेण्याची सवलत आहे, पण अटींसह : संग्रहातला बहुतांश मजकूर हक्कमुक्त असावा आणि एका प्रकाशकाने एका लेखकाचे पाच वर्षांत दोनपेक्षा जास्त उतारे घेऊ नयेत. आजच्या भाषेच्या पुस्तकात हयात लेखकांचे साहित्य भरपूर असते, म्हणून परवानगी घेणे हाच सरळ मार्ग. वारसांत एकमत होत नाही, पत्ता सापडत नाही, आणि शेवटच्या महिन्यात चांगली कविता गळून तिच्या जागी घाईने दुसरी येते, असेही घडते.

शब्द बदलतात हे खरे. गद्य पाठ बहुधा संपादित, संक्षिप्त असतो. परवानगीचे पत्र आले की सही करण्याआधी संपादित मजकूर मागून घ्या, कोणता शब्द बदलू नये ते लेखी कळवा आणि मूळ आठ कडव्यांची पाच झाली तर 'निवडक' असा उल्लेख व्हावा असे सांगा. छापून झाल्यावर ते दुरुस्त करणे फार अवघड.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रीय मंडळाच्या शाळेत भाषेसाठी खासगी प्रकाशनाचे महाग पुस्तक सक्तीने घ्यायला लावतात. त्याला सरकारी मंजुरी असते का?
— एक पालक

खासगी पुस्तकाला सहसा अशी कोणतीही मंजुरी नसते. 'अभ्यासक्रमानुसार' हा प्रकाशकाचा दावा असतो. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) २०२४ मध्ये नववी ते बारावीसाठी राष्ट्रीय परिषदेची (एनसीईआरटी) पुस्तके बंधनकारक केली आणि पहिली ते आठवीसाठी तीच वापरावीत अशी जोरदार शिफारस केली. खालच्या वर्गांत वेगळी पुस्तके लावणाऱ्या शाळेने त्यांची यादी संकेतस्थळावर जबाबदारीच्या सहीनिशी टाकायची असते. ती यादी आधी मागा. ठरावीक दुकानातूनच घ्या, असे कोणत्याही शाळेला म्हणता येत नाही.

प्रश्न : इतर देशांत सरकार भाषेची पुस्तके मंजूर करते का?
— डी.एल.एड. विद्यार्थिनी, धाराशिव

तीन पद्धती दिसतात. जपानमध्ये खासगी प्रकाशक पुस्तके लिहितात, शिक्षण मंत्रालय मसुदा तपासून दुरुस्त्या सुचवते आणि मान्यता देते. मग मान्य पुस्तकांतून सरकारी शाळांसाठीची निवड स्थानिक शिक्षण मंडळे करतात. सक्तीच्या नऊ वर्षांच्या शिक्षणात पुस्तके मोफत. फिनलंडमध्येही पूर्वी सरकारी तपासणी होती, ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली आणि निवड शिक्षकांकडे गेली. इंग्लंडमध्ये शाळाच ठरवते. आपल्याकडे राज्यच लिहिते, राज्यच मंजूर करते. याने पुस्तक स्वस्त राहते आणि वाडीवस्तीवर तेच पोहोचते जे शहरात पोहोचते, हा मोठा लाभ. उणीव अशी की लिहिणारा आणि तपासणारा यांच्यात पुरेसे अंतर राहत नाही.

प्रश्न : पुस्तकात चूक सापडली. समाजमाध्यमांवर टाकली, खूप जणांनी पुढे पाठवली, पण पुढे काहीच झाले नाही. नेमके करायचे काय?
— एक शिक्षक, कळमनुरी (जि. हिंगोली)

लेखी कळवायचे, आणि असे कळवायचे की समोरच्याला पुस्तक उघडून थेट त्या ओळीवर बोट ठेवता यावे. पत्र बालभारतीच्या संचालकांच्या नावे, प्रत राज्य परिषदेला आणि आपल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला. एका पत्रात एकच पुस्तक. नमुना असा :

"इयत्ता …, विषय मराठी (प्रथम भाषा), माध्यम मराठी. प्रथमावृत्ती …, पुनर्मुद्रण …. पृष्ठ २३, वरून सातवी ओळ. छापलेला मजकूर : '…'. हवा तो मजकूर : '…'. कारण : लेखननियम क्रमांक … / मूळ कवितेत हा शब्द असा आहे (सोबत मूळ पानाची छायाप्रत). परिणाम : स्वाध्याय क्र. ३ (आ) चे उत्तर यामुळे चुकते."

शेवटची ओळ विसरू नका. नुसती मुद्रणदोषाची तक्रार पुढच्या छपाईपर्यंत थांबते; उत्तर चुकते, परीक्षेत गुण जातात, असे दिसले तर ती आधी हाताळली जाते. छापील प्रती शाळांत गेलेल्या असतात, त्यामुळे दुरुस्ती पुनर्मुद्रणात आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरच्या मोफत प्रतीत दिसेल. वर्गापुरती दुरुस्ती मात्र तुम्ही आजच मुलांकडून पेन्सिलने करून घ्या.

चूक आणि मतभेद यांची सरमिसळ करू नका. 'मूळ शब्द चुकला' ही चूक. 'हा धडा नको होता' हे मत. मताचे पत्रही लिहावे, पण वेगळे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानामे आली तेव्हा पुष्कळांना ती छपाईतली चूक वाटली. तो विचारपूर्वक केलेला बदल होता, आणि त्यावरची चर्चा पुस्तक मुलांच्या हाती पडल्यावर सुरू झाली. मत मांडण्याची खरी वेळ मसुद्याची असते. मे २०२४ मध्ये राज्य परिषदेने शालेय शिक्षणाच्या आराखड्याचा मसुदा खुला करून हरकती-सूचना मागवल्या होत्या. भाषेच्या तासिका किती, तिसरी भाषा कोणत्या इयत्तेपासून, हे सगळे अशा मसुद्यात असते. तिसऱ्या भाषेचे एप्रिल आणि जून २०२५ चे दोन्ही शासन निर्णय जनमताच्या रेट्याने ३० जून २०२५ ला मागे घेतले गेले खरे, पण दरवेळी तेवढा रेटा उभा राहत नाही. मसुदा आला की आपल्या शाळासमूहाच्या केंद्रावरील शिक्षण परिषदेत तासभर काढा, भाषेचे प्रकरण वाचा आणि दहा शिक्षकांच्या सह्यांचे एक पत्र मुदतीत पाठवा.

उत्तर आलेच नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज बालभारतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. 'चूक का केली?' असे विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. विचारा : दिनांक अमुकच्या माझ्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी, त्या पाठाच्या समीक्षणाचे अभिप्राय आणि मान्यतेच्या बैठकीचे इतिवृत्त यांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.